कंपासपेटीतील किल्ली

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना अकौंटन्सीच्या तासाला सरांनी आम्हांला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक समजावून सांगितला. कारखानदाराने यंत्र विकत घेतले तर तो भांडवली खर्च. त्या यंत्राला रोज तेल घातले, ते पुसले, त्याचा तुटलेला पट्टा बदलला, तर तो महसुली खर्च. पहिला ताळेबंदात वर्षानुवर्षे दिसत राहतो. दुसरा नफातोटा पत्रकात जातो आणि वर्ष संपले की त्याची आठवणही उरत नाही. सगळा वर्ग खाली मान घालून लिहून घेत होता. मीही लिहीत होते. पण मध्येच माझे पेन थांबले. मला कारखाना आठवला नाही, यंत्रही आठवले नाही. मला आठवली आमच्या गावच्या प्राथमिक शाळेमागची एक छोटी पिवळी इमारत, तिच्या दाराला लागलेले कुलूप, आणि त्या कुलपाची माझ्या कंपासपेटीत पडून असलेली किल्ली.

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा वाटले, त्या किल्लीविषयीच लिहावे. ‘शाळा आणि आरोग्य’ या विषयावर मी पूर्वी एकदा लिहिले आहे. त्या निबंधाला पहिला क्रमांकही मिळाला होता. त्यात जे लिहायचे राहून गेले, ते आज लिहिते.

माझे गाव बेळगावपासून बसने पाऊण तासावर. आमच्याकडे एकाच आवारात दोन सरकारी शाळा आहेत, एक मराठी आणि एक कानडी. मध्ये एक आंब्याचे झाड. झाडाच्या अलीकडे आम्ही ‘बाई’ म्हणत असू, पलीकडची मुले ‘अक्कोरु’ म्हणत. अलीकडे पाढे मराठीत, पलीकडे कानडीत. पण पाऊस सुरू झाला की दोन्हीकडची कौले सारखीच गळत. दुपारच्या जेवणाची खोली मात्र एकच होती. अक्षर दासोह योजनेचा भात आणि सांबार एकाच मोठ्या पातेल्यात शिजे आणि वाढणाऱ्या मावशी दोन्ही भाषांत सारख्याच जोराने ओरडत. पाण्याची टाकीही एकच. आमची गल्ली तर अशी, की एका घरात मराठी, शेजारच्या घरात कानडी. त्यामुळे मी कानडी शिकले ती पुस्तकातून नव्हे, तर शेजारच्या मैत्रिणीकडून. ती कानडी शाळेत, मी मराठी शाळेत, इयत्ता एकच. सकाळी दोघी बरोबर निघत असू आणि आंब्याच्या झाडापाशी वेगळ्या होत असू.

मी सातवीत होते ते वर्ष २०१७-१८. त्याच्या आदल्या वर्षी शाळेमागे मुलींसाठी नवे स्वच्छतागृह बांधले गेले होते. पिवळा रंग, निळे दार, दारावर वेणी घातलेल्या मुलीचे चित्र. उद्‌घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाला. ते मराठी शाळेच्या नावावर मंजूर झाले होते. कानडी शाळेचे जुने होते. त्याचे दार एका बिजागरीवर लोंबकळत असे आणि आत पाणी नसे. पण खरे सांगायचे तर आमचे नवे आणि त्यांचे जुने यांत मुलींच्या दृष्टीने फरक काहीच नव्हता. त्यांचे वापरता येत नव्हते आणि आमच्याला कुलूप होते.

कुलूप का, याचे उत्तर आमच्या हेडगुरुजींजवळ होते आणि त्यात खोट नव्हती. गुरुजी वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणत, “उघडं ठेवलं तर आठ दिवसांत त्याची काय अवस्था होईल? झाडायला माणूस नाही, फिनेलला पैसा नाही, वीज गेली की टाकीत पाणी नाही. वर तपासणी आली की मी काय दाखवू?” म्हणून तपासणीच्या दिवशी ते उघडत, धुऊन काढत, आणि तपासणी संपली की पुन्हा बंद. इमारत नव्यासारखी राहिली. किल्ली कोणाकडे असावी, तर वर्गाच्या मॉनिटरकडे. मॉनिटर मी होते. शाळेच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्रीही मीच होते! दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी मुलांची नखे तपासत असे. किल्ली माझ्या कंपासपेटीत, कर्कटक आणि गुण्याच्या शेजारी.

आता कोणी विचारील, मग मुली काय करीत असत? मुली पाणी पीत नसत. एवढे सोपे उत्तर आहे. घरून बाटली आणायची, कारण आई भरून देते. आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली परत न्यायची किंवा वाटेत एखाद्या झाडाला घालायची. सकाळी साडेनऊला घर सोडले की साडेचारपर्यंत घशाला कोरड. हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. थोरल्या मुली करतात ते बघून धाकट्या शिकतात, तसे आम्ही शिकलो. मुले भिंतीमागे जात. मुलींना भिंतही नव्हती.

या एका गोष्टीने पुढच्या किती गोष्टी मोडत होत्या, हे मला आज कळते. आमच्या राज्यात २०१३ पासून शाळेत क्षीरभाग्य योजनेचे दूध मिळते. १८ ग्रॅम पावडरीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध, म्हणजे बेताचा एक पेला. मुले ते पिऊन पेला पालथा करीत. मोठ्या मुलींतल्या निम्म्या तो पेला आंब्याच्या बुंध्याशी ओतत. बाईंना वाटे, पोरींना वास आवडत नाही. वासाचा प्रश्न नव्हता. दूध प्यायले की तासाभराने कुठे जायचे हा प्रश्न होता. आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळे. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. आम्ही ती घोटभर पाण्याबरोबर गिळत असू, मग पोटात मळमळे आणि पुढच्या आठवड्यात गोळी मुठीतून थेट गटारात जाई. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. हा आकडा मी वाचला तेव्हा मला आमच्या शाळेमागचे गटार आठवले. दूध सरकारने दिले, गोळी दिली, इमारत दिली. आणि हे सगळे येऊन अडले कुठे, तर एका कुलपापाशी.

आता ती दुपार सांगते.

सप्टेंबर महिना होता. जेवणाची सुटी संपत आली होती. माझी मैत्रीण आंब्याच्या झाडाला वळसा घालून आमच्या वर्गाच्या दारात आली. तिचा चेहरा ओढलेला होता. ती हळूच म्हणाली, “कीली तेगी ना गे.” म्हणजे कुलूप काढ ना. आम्ही दोघी अशीच मिसळून बोलत असू, अर्धे कानडी, अर्धे मराठी. मी म्हटले, “हेडगुरुजींनी उघडायचं नाही म्हणून सांगितलंय.” ती म्हणाली, “एकच वेळ.” वर्गातल्या चारपाच मुली बघत होत्या. मला वाटले, हिला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. मग गुरुजी रागावतील, मॉनिटरपद जाईल. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे कोणी मला बोलायला सांगितले नव्हते. मी म्हटले, “ते आमच्या शाळेचं आहे. तुमचं तिकडं आहे.”

ती काही बोलली नाही. गेली. घंटा झाली. संध्याकाळी ती माझ्यासाठी थांबली नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी तिला ताप भरला. थंडी वाजून येणारा ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ. घरच्यांनी आधी उतारा टाकला, मग गावातल्या डॉक्टरांची गोळी दिली. ताप हटेना म्हणून बेळगावच्या दवाखान्यात नेले. लघवीच्या मार्गात झालेला जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ती आठ दिवस तिथे होती. मुलींच्या शरीराची रचनाच अशी आहे, की हा मार्ग आखूड असतो आणि जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. भरपूर पाणी पिऊन वेळच्या वेळी लघवीला गेले, तर जंतू धुऊन निघतात. पाणी कमी आणि थोपवून धरणे जास्त असे दिवसेंदिवस चालले, तर ते तिथेच वाढतात. डॉक्टरांनी तिच्या अव्वाला विचारले, “मुलगी पाणी किती पिते?” अव्वा म्हणाली, “रोज बाटली भरून देते की!”

माझ्या एका नकारामुळे ती आजारी पडली, असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. तो आजार कित्येक महिन्यांच्या तहानेचा होता. पण त्या महिन्यांतली एक दुपार माझ्या नावावर आहे, आणि ती मला कोणाच्या नावावर वर्ग करता येत नाही.

ती दवाखान्यात असतानाच गांधी जयंतीच्या निबंधस्पर्धेचा निकाल लागला. विषय होता ‘स्वच्छता आणि आरोग्य’. मी ‘आरोग्यं धनसंपदा’ या वचनाने सुरुवात केली होती आणि ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’ या घोषणेने शेवट. मध्ये बापूजी होते, झाडू होता, डासांचे प्रकार होते. सगळ्यांसमोर टाळ्या झाल्या, मला स्टीलचे ताट मिळाले. तो निबंध लिहिताना शेवटची ओळ आखायला मी कंपासपेटी उघडली होती, तेव्हा किल्ली तिथेच होती. मला ती दिसली असणारच. पण निबंध आणि किल्ली यांचा काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

दसऱ्याच्या सुटीनंतर आमच्या शाळेत बदलून एक नव्या बाई आल्या. उंचीने लहान, आवाज बारीक, कानडी जेमतेम. आल्यापासून आठव्या दिवशी, शेवटचा तास संपल्यावर, त्यांनी मुलांना खेळायला मैदानात पाठवले आणि मुलींना म्हटले, “आपापल्या बाटल्या टेबलावर ठेवा.” आम्ही चौदा मुली. चौदा बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. बाई एकेक उचलून हातात तोलून बघत गेल्या. अकरा बाटल्या सकाळी आल्या तशाच होत्या. बाई रागावल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, “का गं?”

कोणी बोलेना. शेवटी सर्वांत लहानखुरी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, किल्ली तिच्याकडं आहे.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. स्वतःहून उठून किल्ली देण्याची बुद्धी मला झाली असती तर आज हे लिहिताना थोडे बरे वाटले असते. तसे झाले नाही. बाईंनी हात पुढे केला, मी कंपासपेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिवळी इमारत उघडली. आत कोळ्यांची जाळी, कोपऱ्यात सिमेंटचे पोते, आणि दाराला आतून कडीच नव्हती! म्हणजे कुलूप नसते तरी ते वापरता आले नसते. बाहेरून बंद करण्याची सोय बांधणाऱ्याने केली होती; आतून बंद करण्याची विसरला होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सुतार होते. त्यांनी त्याच संध्याकाळी कडी बसवून दिली. आतून खट्ट आवाज झाला, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या आम्ही सगळ्याजणी उगीचच हसलो.

हेडगुरुजींचे म्हणणे होते, “बाई, आज उघडाल, पण उद्याचं काय?” बाई म्हणाल्या, “उद्याचंच बघू या, गुरुजी.” त्या दोघांची आणि पलीकडच्या अक्कोरूंची आंब्याखाली बैठक झाली. दुभाषी मी. अक्कोरूंचे म्हणणे असे, की आमच्या मुलींनाही येऊ दिले तर आम्ही अर्धा भार उचलू. बाईंचे म्हणणे असे, की टाकी एक, पातेले एक, मग हे दोन कशाला?

त्या दिवसांतली एक गंमत सांगते. बाईंनी नुकताच एक कानडी शब्द उचलला होता, ‘कीली’. त्यांना वाटले कीली म्हणजे आपली किल्ली. एकदा सकाळी किल्ली अक्कोरूंकडे राहिली होती, म्हणून बाईंनी तिथल्या एका मुलाला हाक मारून सांगितले, “कीली तगोंड बा.” पण आमच्याकडच्या कानडीत कीली म्हणजे कुलूप, किल्लीला म्हणतात कीलीकै. पोरगा आज्ञाधारक. अक्कोरूंकडून किल्ली घेऊन त्याने कुलूप काढले आणि तेवढे कुलूप आणून बाईंच्या हातावर ठेवले. बाई क्षणभर बघत राहिल्या, मग खूप हसल्या. म्हणाल्या, “हेच बरं झालं.” ते कुलूप त्यांनी टेबलाच्या खणात टाकले. शाळेच्या वेळात पुन्हा ते त्या दाराला लागलेले मी पाहिले नाही. संध्याकाळी तेवढे लावीत.

पण कुलूप काढणे सोपे. काढलेले ठेवणे अवघड. गुरुजींची भीती खरी होती. पहिल्याच आठवड्यात वास सुटला. तेव्हा कोणीतरी सुचवले, की मुलांकडून आळीपाळीने धुऊन घ्यावे. ‘आळीपाळीने’ म्हणताना कोणाच्या मुलांकडे नजर जाते, हे खेडेगावात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाई ठाम राहिल्या. पाण्याची बादली सगळ्या वर्गांनी पाळीने भरावी. पण घासण्याचे काम पगारी माणसाने करावे आणि त्याला पगार मिळावा. गावातल्या एक मावशी रोज अर्धा तास यायला तयार झाल्या. मग बाईंनी एक वही केली. मी ती वही सातवी संपेपर्यंत लिहिली. ती माझी पहिली खातेवही. महिन्याचा हिशेब असा: मावशींना ६०० रुपये, फिनेल ८०, साबण ४०, झाडू-ब्रश ३०, एकूण ७५० रुपये. दोन्ही शाळांच्या मिळून ६८ मुली. म्हणजे मुलीमागे महिन्याला अकरा रुपये. निम्मे पैसे मराठी शाळेकडून, निम्मे कानडी शाळेकडून. ते कुठून येत, तर काही शाळा सुधारणा समितीकडून, काही पालकांकडून, एकदा गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून. आणि एक-दोन महिने वहीत नुसते ‘जमा’ लिहिलेले आहे, त्यापुढे नाव नाही. ते पैसे बाईंच्या पर्समधून आले हे मला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर महिन्याभरात बाटल्या रिकाम्या होऊन घरी जाऊ लागल्या. आंब्याच्या बुंध्याशी दूध सांडायचे थांबले. शेवटच्या तासाला डोके दुखते म्हणून बाकावर मान टाकणाऱ्या मुली कमी झाल्या. लघवीचा रंग फिकट असावा, गर्द पिवळा दिसला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे, ही साधी गोष्ट बाईंनी सांगितली तेव्हा आम्ही लाजून खाली बघितले. पण त्या दिवसापासून प्रत्येकीने ती पाळली. ज्यांना पाळी सुरू झाली होती, त्या महिन्यातले चार दिवस घरी राहत. त्यांतल्या काही येऊ लागल्या. सगळ्या नाही.

आणि माझी मैत्रीण? ती दवाखान्यातून आली, पण शाळेत आली नाही. घरचे म्हणाले, पोर नाजूक आहे, आज्जीजवळ राहू दे. सातवीची परीक्षा तिने कशीबशी दिली आणि पुढचे सबंध वर्ष ती घरी राहिली. हायस्कूल चार किलोमीटरवर. तिथे स्वच्छतागृह कसे असेल याची कोणाला खात्री? बाई आणि अक्कोरु दोघी मिळून तिच्या घरी गेल्या, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी तिच्या आज्जीनेच चहा ठेवला आणि विचारले, “तिथल्या दाराला कडी आहे काय?” अक्कोरु हायस्कूलला जाऊन बघून आल्या आणि आहे म्हणाल्या. मग जूनमध्ये ती आठवीला बसली. आज मी बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती आपल्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. आम्हां दोघींत ते एक वर्ष कायमचे राहिले आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे शुद्ध पाणी यांची अट आहे. १५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून प्रत्येक शाळेत वर्षभरात मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह करण्याची घोषणा झाली, आणि बांधकामे झालीही. आमचे पिवळे त्याच लाटेतले असावे. २०१९ साली केरळात शाळांमध्ये दिवसातून ठरावीक वेळी पाणी पिण्याची घंटा वाजवायला सुरुवात झाली. आपल्या राज्यातही तिची चर्चा झाली. २०२२ पासून आपल्याकडे दुपारच्या जेवणाबरोबर अंडे, नाहीतर केळे किंवा चिक्कीही मिळू लागली. हे सगळे चांगलेच आहे. पण वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला एक हिशेब मांडावासा वाटतो. २०१८ पासून सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे एकत्रित अनुदान ठरले. तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये, आणि त्यांतले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे एका शाळेचे २,५०० रुपये, आमच्या दोन्ही शाळांचे ५,०००. बाईंच्या वहीप्रमाणे दहा महिन्यांचा खर्च ७,५००. किमानावरच थांबले, तर तूट २,५०० रुपये. एवढ्या तुटीपायी एक इमारत कुलपात जाते आणि ६८ मुली तहानेल्या राहतात. इमारतीवर पाहुण्यांच्या नावाची फरशी लागते. फिनेलच्या बाटलीवर कोणाचे नाव लागणार? म्हणूनच पहिल्या खर्चाला पैसा मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, असे मला वाटते.

गेल्या प्रजासत्ताक दिनाला आम्ही दोघी झेंडावंदनाला गावच्या शाळेत गेलो होतो. बाई आता तिथे नाहीत, त्यांची बदली झाली. करोनाच्या काळात बसवलेला हात धुण्याचा ओटा आहे. सहा नळ, त्यांतले दोन चालू. साबण नव्हता. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक नळाशी साबण असे, हे आम्हांला आठवते. पिवळी इमारत उघडी होती. मावशी अजून येतात, पण पगार दोन महिने थकला आहे. कडी शाबूत होती. मी आत जाऊन ती लावून बघितली. खट्ट.

परत येताना आंब्याखाली आम्ही थांबलो. इतक्या वर्षांत मी तिला ते कधी विचारले नव्हते. मी म्हटले, “त्या दुपारचं तुला आठवतं?” ती म्हणाली, “आठवतंय की.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तू किल्ली दिली नाहीस त्याचं मला एवढं लागलं नव्हतं गे. तुमचं तिकडं म्हणालीस, ते लागलं.”

मला उत्तर सुचले नाही. आम्ही तशाच हेडगुरुजींच्या खोलीत गेलो. नवे हेडगुरुजी आहेत. आम्ही त्यांना जुनी वही दाखवली, ७५० रुपयांची. आज तो खर्च अर्थातच वाढला असेल. दोन्ही शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून तुटीचे पैसे द्यावेत आणि हिशेब एकाच वहीत, दोन्ही भाषांत लिहावा, असे आम्ही सुचवले. “समितीपुढे ठेवतो,” असे ते म्हणाले. ठेवतील अशी आशा आहे. आम्ही दोघींनी मावशींचा एक महिन्याचा थकलेला पगार देऊन पावती घेतली. या अंकाच्या कन्नड विभागात ती हीच गोष्ट तिच्या बाजूने लिहिणार होती, पण म्हणाली, “तू लिही आधी, मग मी बघते.”

वाचकहो, तुम्हां सर्वांची कुठे ना कुठे एक शाळा आहे. वार्षिक संमेलनाला किंवा झेंडावंदनाला तिथे तुमचे जाणे होतच असेल. यापुढे जाल तेव्हा व्यासपीठावरची फुले बघून झाल्यावर दोन मिनिटे शाळेच्या मागच्या बाजूला जा. दाराला आतून कडी आहे का बघा. बादलीत पाणी आहे का बघा. झाडणाऱ्या मावशींना गेल्या महिन्याचा पगार मिळाला का, तेवढे विचारा. आणि दाराला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करा. ती एखाद्या हुशार, आज्ञाधारक, निबंधात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या कंपासपेटीत असेल. तिच्यावर रागावू नका. नुसता हात पुढे करा.